पाणी, धागा आणि पत

बँकेच्या नोकरीत बदलीचा आदेश पगाराइतकाच नियमित असतो. २०२२ मध्ये पदोन्नतीबरोबर माझी बदली येवल्याहून थेट म्हैसूरच्या कुवेंपुनगर भागात झाली. पैठणीचे गाव सोडून मी म्हैसूर सिल्कच्या गावात आले. एका रेशमी गावातून दुसऱ्या रेशमी गावात, असे सहकारी गमतीने म्हणाले. त्या गमतीत किती तथ्य होते, ते कळायला मला एक सुटीचा दिवस खर्च करावा लागला. त्या दिवसाचा हा जमाखर्च.

कुवेंपुनगर ही म्हैसूरच्या नैर्ऋत्येची शांत, झाडांनी भरलेली वसाहत. कन्नड साहित्याला पहिला ज्ञानपीठ पुरस्कार मिळवून देणारे महाकवी कुवेंपु यांचे नाव तिला दिलेले आहे. येथे राहायला आल्यावर एका हिवाळ्यात माझी आई दोन महिन्यांसाठी आली. आई मूळची दाभोळची. खाडी ओलांडल्याशिवाय तिचा लहानपणीचा एकही प्रवास पूर्ण झाला नाही. शिवाय हातात क्रोशाची सुई नसेल, तर तिला दिवस रिकामा वाटतो. फेब्रुवारीचा दुसरा शनिवार जवळ आला, तशी तिने मागणी नोंदवली, "मला एकदा होडीत बसव आणि चांगला रेशमाचा दोरा घेऊन दे. राजवाडा मी दोनदा पाहिला."

म्हैसूरला समुद्र नाही. कोकणातल्या माणसाला हे पटवणे कठीण. पण म्हैसूरच्या उत्तरेला कावेरी आहे, आणि तिच्या पात्रात रंगनतिट्टू नावाची बेटे आहेत, तिथे वल्ह्यांच्या होड्या चालतात. दोऱ्यासाठी मात्र बंगळूरच्या रस्त्याने सुमारे शंभर किलोमीटरवर असलेल्या रामनगरला जायचे ठरले. आशियातील सर्वांत मोठा म्हणून ओळखला जाणारा रेशीम कोशांचा बाजार तेथे भरतो. सकाळी धागा आणि परतताना होडी, असा बेत आखून पहाटे पाच वाजता आई, माझे यजमान, तिसरीतली लेक आणि मी निघालो.

एक जुनी नोंद

रामनगरला जाण्यामागे माझे स्वतःचे एक कारण होते. ते मी घरात कोणाला सांगितले नव्हते.

येवल्याच्या शाखेत कर्ज विभाग सांभाळत असताना, २०२१ च्या मध्यावर, एक पैठणी विणकर आपल्या कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवून मागण्यासाठी आले होते. वय साठीच्या आसपास, घरी तीन हातमाग, खाते अत्यंत नियमित. आम्ही सगळे त्यांना काका म्हणत असू. त्यांनी तीन महिन्यांच्या रेशमाचा साठा धरून मर्यादा मागितली होती. मी एम. कॉम. झालेली, खेळत्या भांडवलाचे गणित तोंडपाठ असलेली अधिकारी. कच्चा माल एक महिना, तयार माल पंधरा दिवस, असा हिशेब मांडून मी त्यांची मागणी जवळपास निम्म्यावर आणली.

काका रागावले नाहीत. ते एवढेच म्हणाले, "मॅडम, रेशीम एकदा मागावर चढलं की ते विकताही येत नाही आणि परतही देता येत नाही. तुमच्या कागदात त्याला कोणता रकाना?"

मी 'प्रक्रियेतील माल' या रकान्याकडे बोट दाखवले आणि त्यात पंधरा दिवस लिहिले. साध्या काठाच्या पैठणीला महिना-दीड महिना लागतो आणि भरजरी पदराला सहा महिने, कधी वर्षही लागते, हे मी ऐकले नव्हते असे नाही. मी ते गणितात धरले नाही, इतकेच.

त्याच वर्षाच्या अखेरीस कोशांचे आणि पाठोपाठ रेशमाचे भाव चढले. बदलीपूर्वी मी काकांच्या घरी निरोप घ्यायला गेले. दोन माग रिकामे होते. तिसऱ्यावर काम चालू होते. "हा धागा शेठचा आहे," काका म्हणाले. "मी मजुरी घेतो. बरं चाललंय." त्यांचे खाते कधीही थकले नाही, त्यामुळे आमच्या कोणत्याही अहवालात माझी चूक दिसली नाही. पण स्वतःच्या धाग्यावर विणणारा माणूस दुसऱ्याच्या धाग्यावर विणू लागला, ही नोंद माझ्या मनात तशीच राहिली.

येवल्याचे विणकर रेशीम बंगळूरकडून येते असे सांगत. म्हणूनच तो धागा जिथून निघतो, ती जागा मला एकदा पाहायची होती.

कोशांचा बाजार

२०२३ मध्ये खुला झालेला नवा द्रुतगती महामार्ग रामनगरला वळसा घालून जातो. आम्ही मुद्दाम श्रीरंगपट्टण, मंड्या, मद्दूर आणि लाकडी खेळण्यांचे चन्नपट्टण या जुन्या रस्त्याने गेलो. रामनगर जवळ आले की अवाढव्य खडकांच्या टेकड्या दिसू लागतात. १९७५ च्या 'शोले'चे चित्रीकरण याच टेकड्यांत झाले, हे सांगताच यजमानांची झोप उडाली.

कन्नडमध्ये रेशमाला 'रेष्मे' आणि कोशाला 'गूडु' म्हणतात, म्हणजे घरटे. लेकीने शाळेत शिकलेले हे शब्द तिथे उपयोगी पडले. बाजाराच्या लांबलचक दालनांत जाळीच्या चौकटींत कोशांचे ढीग ओतलेले होते. काही पांढरेशुभ्र, काही पिवळसर. पांढरे कोश दुबार, म्हणजे बायव्होल्टाइन जातीचे, आणि पिवळसर बहुधा संकरित जातीचे. खरेदीदार ढिगात हात घालून मूठभर कोश उचलत, कानाशी हलवून पाहत, बोटांनी दाबून पाहत. पूर्वी येथे तोंडी लिलाव होत असे, आता बोली संगणकीय पद्धतीने लागते. शेतकऱ्याच्या चौकटीला क्रमांक असतो, खरेदीदार मोबाइलवरून बोली नोंदवतात.

त्या कन्नड, तेलुगू, तमिळ गलबल्यात अचानक मराठी शब्द कानी आला. बीड जिल्ह्यातील एक तरुण शेतकरी भावाशी फोनवर बोलत होता. आईने लगेच ओळख काढली. रात्रीचा गारवा धरून गाडीतून कोश आणले होते, कारण उन्हात कोश तापले की आतला जीव मरतो, कोशाला डाग पडतो आणि भाव पडतो. २०१८ मध्ये जालन्याला महाराष्ट्रातील पहिली कोष बाजारपेठ सुरू झाली, तिचा त्याला उपयोग होतो, पण मोठा माल असला की खरेदीदारांच्या संख्येसाठी रामनगर गाठावेसे वाटते, असे तो म्हणाला.

"थोडे दिवस थांबून भाव वाढल्यावर विकता येत नाही का?" मी विचारले.

तो हसला. "ताई, कोशाला मुदत असते. आत पतंग तयार होतो. तो कोश फोडून बाहेर आला की धागा तुटला. मग तो कापूस."

अंड्यातून बाहेर पडलेली अळी सुमारे पंचवीस दिवस तुतीचा पाला खाते, चार वेळा कात टाकते, आणि मग दोन-तीन दिवसांत स्वतःभोवती कोश विणते. कोश विणायला घेतल्यापासून दहा-बारा दिवसांत पतंग बाहेर येतो. शेतकऱ्याला जे काही करायचे, ते त्याआधी. ज्या मालाला स्वतःचीच अशी मुदत आहे, त्याच्या मालकाला भाव ठरवण्याची सवड कोठून असणार?

त्याच्या शेतातली तुती 'व्ही-वन' वाणाची होती. हा वाण म्हैसूरच्या केंद्रीय रेशीम संशोधन व प्रशिक्षण संस्थेने विकसित केला. १९६१ मध्ये स्थापन झालेली ही संस्था मानंदवाडी रस्त्यावर, आमच्या कुवेंपुनगरपासून हाकेच्या अंतरावर आहे. रोज तिच्यावरून जाताना मी तिची पाटीही नीट वाचली नव्हती. म्हैसूरची तुती मराठवाड्यात रुजते, मराठवाड्याचा कोश रामनगरला येतो, आणि इकडचा धागा पुन्हा येवल्याच्या मागावर चढतो. एवढा मोठा फेरा घालून आलेल्या धाग्याला मी एका महिन्याच्या रकान्यात बसवले होते.

किलोत किती घट?

बाजारातून आम्ही जवळच्याच एका धागा काढण्याच्या छोट्या कारखान्यात गेलो. आत वाफ, उष्मा आणि उकळलेल्या कोशांचा उग्र वास होता. गरम पाण्याच्या पात्रात कोश तरंगत होते. समोर बसलेल्या बाया त्यातून तंतूंची टोके शोधून, सात-आठ कोशांचे तंतू एकत्र करून, एक धागा रहाटावर चढवत होत्या. त्यांच्या बोटांची कातडी पाण्याने पांढरी पडली होती. चांगल्या दुबार कोशातून हजार मीटरच्या आसपास अखंड तंतू निघतो, पण डोळ्यांना तो जवळजवळ दिसतच नाही.

"आतल्या किड्याचं काय होतं?" लेकीने विचारले. मालकीणबाईंनी खरे तेच सांगितले. तो वाफेत मरतो, नंतर त्याचे तेल निघते आणि खाद्यही होते. लेक गप्प झाली. आईने तिचा हात धरला आणि म्हणाली, "म्हणून साडी टाकायची नसते. जपायची असते." यापेक्षा चांगले उत्तर माझ्यापाशी नव्हते.

आईला दाखवलेली कच्च्या रेशमाची पहिली लड पाहून ती नाराज झाली. "हे तर सुतळीसारखं राठ आहे."

मालकीणबाई हसल्या आणि लेकीच्या मोडक्या दुभाषेपणातून आम्हाला उलगडा झाला. कच्च्या रेशमावर नैसर्गिक डिंकाचा थर असतो. खाराच्या गरम पाण्यात तो काढला की धाग्याला मऊपणा आणि चकाकी येते. मगच तो रंग नीट घेतो. आणि वजन? किलोमागे सुमारे पाव किलो कमी होते.

मी पर्समधून पेन काढले. इतकी वर्षे ताळेबंद वाचणारी मी, बाजाराच्या पावतीच्या पाठीवर हिशेब मांडू लागले. सहावारी पैठणीला जरीशिवाय सुमारे अर्धा किलो रेशीम लागते. डिंक काढल्यावर अर्धा किलो उरायचे, तर कच्चे रेशीम ६६५ ग्रॅमच्या आसपास घ्यावे लागणार. एक किलो कच्च्या रेशमाला साडेसहा किलोच्या आसपास कोश लागतात. म्हणजे एका साडीसाठी सव्वाचार किलोंहून अधिक कोश. किलोत साधारण सहाशे कोश धरले, तर एका पैठणीत अडीच हजारांहून अधिक कोश गुंतलेले असतात.

येवल्यात काका पूर्ण किलोचे पैसे मोजत आणि पाऊण किलो विणत. शिवाय त्या पाऊण किलोची साडी विकली जाईपर्यंत पैसे अडकलेले. माझ्या कागदावर घट नव्हती आणि वेळही नव्हता. दोन्ही बाजूंनी मी त्यांचे भांडवल कमी मोजले होते.

आईने शेवटी डिंक काढून रंगवलेल्या दोन लडी घेतल्या, एक मोरपंखी आणि एक डाळिंबी. मी मात्र ती राठ, पिवळसर, कच्ची लड मागून घेतली. शंभर ग्रॅम.

कावेरीच्या पात्रात

परतताना मद्दूरला मद्दूर वडा खाऊन चारच्या सुमारास आम्ही रंगनतिट्टूला पोहोचलो. सतराव्या शतकाच्या मध्यावर, कंठीरव नरसराज वडेयर यांच्या काळात, कावेरीवर बंधारा घातला गेला आणि त्यामुळे ही लहान बेटे तयार झाली. त्यांवर पक्षी वस्तीला आले. १९४० मध्ये ज्येष्ठ पक्षितज्ज्ञ सालिम अली यांनी म्हैसूरच्या महाराजांना आग्रह केला आणि हा भाग अभयारण्य झाला. २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला.

होडीत पाय ठेवताना आईचा चेहरा दाभोळच्या मुलीचा झाला. नावाड्याने सावकाश वल्ही मारायला सुरुवात केली. खडकावर एक मगर जबडा उघडा टाकून निश्चल पडली होती. लेकीला ती पुतळा वाटली, आणि मग पुतळ्याने डोळा मिटला. बेटांवरची झाडे पक्ष्यांनी वाकली होती. गुलाबी पिसांचे रंगीत करकोचे, पळीसारख्या चोचीचे चमचे, गळ्याला झोळी असलेले पाणकोळी, पाण्यालगत झेपावणारे नदीसुरय. खडकाच्या पोटाशी पाकोळ्यांनी चिखलाची घरटी एकाला एक चिकटवून बांधली होती. 'गूडु' हा शब्द लेकीने इथेही वापरला. नावाडी खूश झाला.

अंड्यांवर बसलेल्या एका करकोच्याच्या मादीकडे बोट दाखवून तो म्हणाला, ही आता महिनाभर उठणार नाही, नर आणि मादी पाळी घेतात. पिल्ले उडायला आणखी दोन महिने. आईने वल्ह्याच्या लयीत मान डोलावली. "घाई केली तर काय होईल?" ती म्हणाली. "अंडंच फुटेल."

नदीच्या वरच्या अंगाला, काही किलोमीटरवर, कृष्णराजसागर धरण आहे. त्या शांत पाण्यात बसून मला तीन वर्षे आठवली. नालवडी कृष्णराज वडेयर यांच्या कारकिर्दीत १९११ मध्ये या धरणाचे काम सुरू झाले. १९१२ मध्ये म्हैसूरला रेशीम विणकामाचा कारखाना निघाला, जो पुढे १९८० पासून कर्नाटक रेशीम उद्योग महामंडळाकडे आहे. आणि १९१३ मध्ये 'बँक ऑफ मैसूर' स्थापन झाली. हीच पुढे स्टेट बँक ऑफ मैसूर झाली आणि २०१७ मध्ये भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. या उभारणीमागे सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या होते. पुण्यात अभियांत्रिकी शिकलेले आणि खडकवासल्याला स्वयंचलित दरवाजे बसवणारे हे अभियंते मराठी माणसाला परके नाहीत.

लागोपाठच्या तीन वर्षांत पाणी, धागा आणि पत. तुतीला पाणी हवे, मागाला धागा हवा, आणि त्या दोहोंमध्ये जो काळ जातो तो निभावून नेण्यासाठी पत हवी. बँकेचे काम पैसे देण्याचे आहे, असे आपण म्हणतो. खरे तर आपण काळ उधार देतो. अळीला पंचवीस दिवस लागतात, करकोच्याला महिना लागतो, पैठणीच्या पदराला सहा महिने लागतात. हा काळ कर्ज मागणाऱ्याने ठरवलेला नसतो आणि आमच्या तक्त्याने तो कमीही होत नाही. तो आधी विचारून घ्यावा लागतो.

अखेरची शिल्लक

रविवारी सकाळी मी काकांना फोन लावला. दोन वर्षांनी आवाज ऐकून त्यांना आनंद झाला. आधी त्यांनी रामनगरचा भाव विचारला, मग माझ्या लेकीची इयत्ता. मी त्यांना माझा पावतीवरचा हिशेब वाचून दाखवला. घटीच्या ओळीवर ते थांबले.

"ही पाव किलोची गोष्ट तुम्हाला कोणी सांगितली?"

"रामनगरच्या एका बाईंनी. तुम्हीही सांगितली असती, काका. मी विचारलं नाही."

थोडा वेळ पलीकडून फक्त मागाचा ठोका ऐकू येत होता. मग ते म्हणाले की आता त्यांचे डोळे साथ देत नाहीत, स्वतःसाठी पुन्हा कर्ज काढण्याचा विचार नाही. पण मुलाला रिकाम्या दोन मागांपैकी एक स्वतःच्या धाग्यावर चालू करायचा आहे. अर्ज कसा लिहायचा, हे मी त्याला सांगावे. त्याच दुपारी मी सांगितले. खरेदीच्या पावत्या जोडा. डिंक काढल्यावर वजनात होणारी घट वेगळी दाखवा. प्रत्येक प्रकारच्या साडीला मागावर किती दिवस लागतात, ते मागच्या वर्षीच्या वहीतून उतरवून द्या. निर्णय त्या शाखेचा आहे, माझ्या हाती नाही. पण या वेळी कागदावर काळासाठी रकाना असेल.

आईचे तोरण मोरपंखी काठासह पूर्ण झाले आहे आणि आमच्या दारावर लागले आहे. ती कच्ची लड माझ्या कार्यालयातल्या टेबलाच्या खणात आहे. कोणी कारागीर कर्जासाठी समोर बसला की मी तो खण थोडासा उघडते आणि पहिला प्रश्न विचारते, "तुमच्या मालाला किती दिवस लागतात?"

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी

कुवेंपुनगरहून रंगनतिट्टू सुमारे वीस किलोमीटर, रामनगर सुमारे शंभर किलोमीटर. म्हैसूर-बंगळूर लोहमार्गावर रामनगर हे स्थानक आहे. कोशांचा बाजार पाहायचा तर सकाळी लवकर पोहोचावे आणि व्यवहारात अडथळा न आणता पाहावे. रंगनतिट्टूला घरटी पाहण्यासाठी डिसेंबर ते मे हा काळ चांगला. पावसाळ्यात धरणातून पाणी सोडल्यास होडीसेवा बंद ठेवतात, म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करावी. म्हैसूर सिल्कला भौगोलिक मानांकन २००५ मध्ये आणि पैठणीला २०१० मध्ये मिळाले आहे. खरेदी करताना मानांकनाची आणि शुद्ध रेशमाची खूण पाहून घ्यावी. आणि दुकानदाराला धागा कुठला, असे एकदा अवश्य विचारावे.